धापोडे टाकू का?

गेल्या वर्षी घरात एकामागून एक तीन लग्नं निघाली आणि आमचं वाळवण मागं पडलं. एरवी अमरावतीत मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या यांच्यामधून अंग चोरत पाण्याच्या टाकीपर्यंत जावं लागतं. गेल्या वर्षी बाकी सगळं कसंबसं उरकलं, धापोडे तेवढे राहिले. जून उजाडला. ज्वारीच्या पिठाला हात लावण्याआधी सौभाग्यवतीनं मला एक साधा प्रश्न विचारला.

"अहो, धापोडे टाकू का? दोन दिवस पाणी नाही ना येत?"

प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला होता. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. अरबी समुद्राची शाखा आणि बंगालच्या उपसागराची शाखा दाखवणारे बाण मी फळ्यावर इतके काढले आहेत, की खडूच्या धुळीनं मला कायमचा खोकला लागला. त्यातला एकही बाण साईनगरातल्या आमच्या गच्चीवर नेमका किती वाजता पोचतो, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं आणि परीक्षेलाही कधी आलं नाही.

"टाक," मी म्हणालो. आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्याला सिद्धांत येतो, त्यानं खिडकी कशाला उघडायची?

साडेतीन वाजता बडनेऱ्याच्या बाजूनं काळं आलं, चार वाजता कोसळलं आणि सव्वाचारला ऊन पडलं. पाऊस फक्त धापोड्यांसाठी आला होता. रात्री माझ्या ताटात पांढुरकं, लिबलिबीत असं काहीतरी पडलं.

"हे काय?"

"तुमचा अंदाज," ती म्हणाली. "तिखट-मीठ घातलंय."

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईलवर हवामान पाहू लागलो. तिथं रोज एकच वाक्य असायचं: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी. चौकशी केल्यावर कळलं, की तुरळक ठिकाणी म्हणजे विभागातल्या चौथाईहून जास्त नाहीत इतक्या ठिकाणी. आता आमची गच्ची त्या चौथाईत येते की उरलेल्या पाऊणात, हे कोणाला विचारायचं? शिवाय खात्याच्या हिशेबात दिवसाला अडीच मिलिमीटर पडला तर तो पावसाचा दिवस. धापोड्याच्या हिशेबात चार थेंब पडले की महापूर.

म्हणून मी गावाकडे, आबाजींकडे गेलो. दर्यापूरच्या अंगाला आमचं साडेचार एकर वावर आहे, ते आबाजी बटईनं करतात. मी हवामान खात्याचं नाव काढताच त्यांनी विचारलं, "हे खातं कवाचं हाये, मास्तर?"

"१८७५चं."

"म्हंजे दीडशे वर्सं झाले. अन् अजून अंदाजच?"

आबाजींचा सगळा भरवसा पाखरांवर. कावळ्यानं मे महिन्यात आंब्यावर किंवा करंजीवर घर केलं तर पाणी चांगलं. बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. झाडाच्या पूर्वेला केलं तर उत्तम, पश्चिमेला केलं तर बेताचं, आणि अगदी शेंड्यावर केलं तर ढोरं विकायची तयारी ठेवा. मारुती चितमपल्लींसारख्या, जंगलात जन्म काढलेल्या माणसानं असले संकेत लिहून ठेवले आहेत, त्यामुळे हसायची माझी टाप नव्हती. मी वही काढली. शिकवणं सोडल्यानंतर पहिल्यांदाच मी कोणाचं काही लिहून घेत होतो.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघं भर उन्हात कावळ्यांची घरं शोधत हिंडलो. धुऱ्यावरच्या बाभळीवर एक सापडलं. विहिरीजवळच्या आंब्यावर दुसरं, तेही थेट पूर्वेला. तिसरं निंबाच्या शेंड्यावर.

"आबाजी, मग पाणी कसं धरायचं?"

त्यांनी तिन्ही झाडांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कमीजास्त येते," ते म्हणाले.

मला हे उत्तर फार आवडलं. उभ्या आयुष्यात मी पेपर तपासले, पण कुठल्याही बाजूनं चूक न ठरणारं उत्तर एकाही पोरानं लिहिलं नव्हतं. मान मात्र पंधरा दिवस वरच राहिली. शेजारच्यांना वाटलं, निवृत्तीनंतर सरांना गर्व झाला.

शहरात आल्यावर खरी पंचाईत झाली. आमच्या गल्लीतल्या कावळ्यानं घरटं केलं होतं मोबाईलच्या टॉवरवर, तेही बांधकामावरून पळवलेल्या तारेचं. मी आबाजींना फोन लावला.

"टावर काटेरी हाये का?"

"लोखंडी आहे. वर टोकं टोकं आहेत."

"मंग काटेरीच धरा." थोडा विचार करून म्हणाले, "पन रेंज चांगली असन तं फरक पडन."

अकोल्याला माझा साळा राहतो. अमरावती ते अकोला या रस्त्याला तसा मोठा मान आहे. २०२२च्या जूनमध्ये या मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. काम सुरू झालं ३ तारखेला आणि संपलं ७ तारखेला, म्हणजे बरोबर मृगाच्या तोंडावर. तेव्हापासून माझं मत आहे, की पाऊस कधी येणार हे वऱ्हाडात खरोखर कोणाला कळत असेल तर ते डांबरवाल्याला. पण त्याला विचारायला जावं तर तो पुढच्या गावाला गेलेला असतो.

तर साळ्याचं घर गोरक्षण रोडवर, तीन मजली. वर चौथ्या मजल्याचा विचार होता म्हणून स्लॅबवर गिट्टी पसरून ठेवलेली. त्या गिट्टीत टिटवीनं चार अंडी घातली. मला हे कळताच मी वही घेऊन अकोल्याला गेलो. टिटवीचा नियम सरळ आहे. नदीच्या पात्रात अंडी घातली तर पाणी नाही, उंचवट्यावर घातली तर पाणी भरपूर. जितकी उंच, तितका पूर.

"आबाजी, टिटवी तिसऱ्या मजल्याच्या वर बसलीय."

पलीकडे बराच वेळ शांतता. "मास्तर," शेवटी आवाज आला, "साळ्याच्या वळखीत कोनाकडे होडी हाये काय?"

साळा मनानं हळवा. त्यानं तळमजल्यावरच्या कपाटातली घराची कागदपत्रं पहिल्या मजल्यावर हलवली. मोर्णा नदी किती लांब आहे हे मोटरसायकलवरून जाऊन मोजून आला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून काटेपूर्णा धरणाची पातळी पेपरात पाहू लागला, आणि धरण खाली खाली जातंय हे वाचून आणखीच घाबरला. पूर येण्याआधी नदी मागं सरते म्हणे. ती समुद्राची गोष्ट आहे, हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून सांगितलं, पण भूगोलावरचा घरच्यांचा विश्वास धापोड्यांबरोबर वाहून गेला होता.

टिटवीची अंडी उबायला साधारण २८ दिवस लागतात. ते २८ दिवस त्या घरातलं कोणीही गच्चीवर जाऊ शकलं नाही. दाराची कडी वाजली की ती किंचाळत डोक्यावर झेप घ्यायची. धुणं दिवाणखान्यात वाळलं. टाकीत बॉल अडकून पाणी वाहत राहिलं तरी वर जाणार कोण? एका दुपारी मी हेल्मेट घालून दाराच्या फटीतून पाहिलं. पंचेचाळीस अंशांचं ऊन, गिट्टी तव्यासारखी तापलेली. ती टाकीतून वाहणाऱ्या ओघळात जाऊन बसली, पोटाची पिसं चांगली भिजवली, आणि तुरुतुरु येऊन ओलं पोट अंड्यांवर टेकवलं. पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली. मी अर्धा तास पाहत होतो. तिला पुराचं काही पडलेलं दिसलं नाही. एवढं पाणी आयतं मिळणारी दुसरी जागा अकोल्यात मे महिन्यात मला तरी माहीत नाही.

पावशाची गोष्ट आणखी वेगळी. तो ओरडतो ते आपल्याला "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असं ऐकू येतं, आणि पिढ्यान् पिढ्या लोक त्याचा हुकूम मानून तिफन काढतात. पुस्तकात वाचलं, की हा गृहस्थ स्वतःचं घरटंसुद्धा बांधत नाही. याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकते आणि पोरं ते सातभाई वाढवतात. म्हणजे ज्यानं आयुष्यात एक काडी उचलली नाही, तो आम्हाला सांगतो, चला, कामाला लागा. मी आबाजींना हे ऐकवलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "आपला सरपंच नाही का?"

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा फोडून सांगतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण विद्यापीठ झाडावर बसून ओरडत नाही, ही त्याची मोठी अडचण.

नक्षत्राचं वाहन तर आमच्या घरातच होतं, पंचांगात. ते काढायची रीत मी शिकून घेतली. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून जनावर ठरवायचं. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाणीच पाणी. भागाकारातून जनावर निघतं हे गणिताच्या सरांनी आम्हाला नोकरीत असताना सांगितलं असतं, तर स्टाफरूममध्ये इतकी वर्षं कंटाळा आला नसता. मी स्वतः हिशेब केला आणि मला गाढव मिळालं. सौ. म्हणाली, हिशेब बरोबर आला असेल.

पण खरा घोळ घातला तो घटमांडणीनं.

बुलडाणा जिल्ह्यातलं भेंडवळ आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षयतृतीयेला संध्याकाळी वावरात गोल घट मांडतात. कडेनं अठरा प्रकारची धान्यं, मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा, पुरी, करंजी असे पदार्थ. रात्रभर तिथं कोणी थांबायचं नाही. सकाळी सूर्य उगवताना काय हललं, काय भिजलं, काय गायब झालं ते पाहून पीक, पाणी, राजा, देशाची तिजोरी सगळ्याचं भाकीत होतं. चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हरकत घेतात, आणि बी-बियाणं घ्यायच्या आधी शेतकरी दरवर्षी भेंडवळला जातात.

मला वाटलं, आपली गच्ची पंधरा बाय वीस, धापोड्यांपुरतं भाकीत काढायला काय हरकत आहे? भेंडवळनं पूर्ण देशाचं पाहावं, मी साईनगरचं पाहीन.

अठरा धान्यं घरात निघेनात. चौदा झाली. पंधरावं म्हणून साबुदाणा घेतला, सोळावं शेंगदाणे, सतरावं पोहे. अठराव्याला सौ.नं मॅगीचं पाकीट पुढं केलं, पण मी परंपरेचा मान राखला. ढेकळं कुंडीतली. घागर पितळेची, सासरकडची. कुरडई मागितली तेव्हा ती म्हणाली, "एकच देते. गेल्या वर्षीचे धापोडे आठवा." वडा कोपऱ्यावरच्या हॉटेलातला, गिला वडा, दह्यासकट. दही नियमात बसत नव्हतं, पण तो वेगळा द्यायला तयार नव्हता.

रात्री अकराला मी झोपायला खाली आलो. साडेपाचला शेजारचे दोन निवृत्त मित्र घेऊन वर गेलो. घट पाहताच तिघेही गप्प झालो. वडा नव्हता. दही सगळीकडे होतं. कुरडईचा अर्धा भाग टाकीवर पडलेला. घागर आडवी, ढेकळांचा चिखल. शेंगदाण्यांचा एकही दाणा शिल्लक नव्हता आणि साबुदाण्याला कोणी तोंड लावलं नव्हतं.

पहिले मित्र बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तिजोरी रिकामी होणार."

दुसरे तलाठी होते. "चारही महिने पाणी," ते चिखलाकडे बोट दाखवत म्हणाले, "पंचनामे करावे लागतील."

"पण साबुदाण्याचं काय?" मी विचारलं.

"उपवासाचे दिवस येणार नाहीत. सुबत्ता!"

"एका बाजूनं तिजोरी रिकामी आणि एका बाजूनं सुबत्ता?"

"देश मोठा आहे, सर."

आमची ही चर्चा रंगात आली असताना टाकीमागून एक खार बाहेर आली. तिच्या तोंडात शेंगदाणा होता. तिनं आमच्याकडे पाहिलं, शेपटी झटकली आणि निघून गेली. शिडीखाली मांजर दही चाटत बसलं होतं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. माजी तलाठी खाली उतरताना एवढंच म्हणाले, "खारीनं पूर्वेकडून सुरुवात केली होती. ते चांगलं असतं."

इतका अभ्यास झाल्यावर यंदा जून आला. यंदा लग्न एकच होतं, तरी धापोडे राहिले. माझा संशय आहे, ते मुद्दाम ठेवले होते.

"अहो, धापोडे टाकू का?"

मी वही उघडली. बाभळीवरचा कावळा म्हणत होता पाणी नाही, आंब्यावरचा म्हणत होता भरपूर. टॉवरवरच्याचा निकाल रेंजवर अवलंबून. टिटवी म्हणत होती होडी आणा. मृगाला गाढव. घटावर चिखल. कॅम्पातला बहावा पूर्ण फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो म्हणून तारीख मोजावी, तर एक झाड एप्रिलमध्ये फुललेलं आणि त्याच्याच शेजारचं मे सरताना. मुंग्या तोंडात अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या, पण सौ.नं सकाळीच ओट्याखाली औषध फवारलं होतं. चंद्राला खळं पडल्यासारखं दिसलं, तेव्हा मी चष्मा पुसला आणि खळं गेलं.

"टाकू नको," मी म्हणालो. "पाणी येणार." आणि आपल्या शब्दाला जागायचं म्हणून छत्री घेऊन बाहेर पडलो.

त्या दिवशी पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी रोज छत्री घेऊन वाचनालयात जात होतो आणि घामानं भिजून परत येत होतो. चौथ्या दिवशी छत्री घरी विसरलो. राजकमल चौकात पोचलो नाही तोच असा झोडपला, की चपलेतून पाणी निघालं. धावत रिक्षा केली, तडक गच्चीवर गेलो. गच्ची रिकामी. खाली स्वयंपाकघरात डबा उघडा होता आणि त्यात खडखडीत वाळलेले धापोडे गळ्यापर्यंत भरलेले.

"हे कधी केलेस?"

"तुम्ही पाणी येणार म्हणालात, त्याच दिवशी."

"पण तुला कसं कळलं?"

ती कढईत तेल ओतत होती. "तुम्ही छत्री घेऊन निघालात ना? तुम्ही छत्री नेली की पाणी येत नाही. बावीस वर्षं पाहतेय." एक धापोडा तेलात सोडला, तो ताटाएवढा फुलला. "आज तुम्ही छत्री विसरलात, तेव्हाच मी धुणं काढून घेतलं."

मी जे ऐकलं ते मला नीट कळायच्या आत फोन वाजला. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी होत्या. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. सौ.नं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हो, हो, आज विसरले. नाही, उद्याचं अजून ठरलं नाही. सकाळी निघाले की कळवते."

गल्लीतल्या सात घरांचं वाळवण यंदा माझ्यावर निघालं, हे मला त्याच संध्याकाळी समजलं. रात्री आबाजींचा फोन आला. वावरात चांगली ओल झाली होती, आवाजात समाधान होतं.

"मास्तर, वहिनीबाईचा नंबर द्या."

"कशाला?"

"पेरायचं हाये. उद्या तुमी छत्री घेऊन चालले का नाही, ते त्याइले इचारतो."

नंबर दिला आहे. आता वाचकांना एकच विनंती: तुमच्याकडच्या कावळ्यानं यंदा कुठल्या झाडावर घर केलं, ते कृपा करून मला कळवू नका.